पुतळ्याची गिरकी

"मोटर घेताना ताकद बघायची. बाकी सगळे दुकानदाराचे चोचले!" असं म्हणत जावयाने अर्ध्या हॉर्सपॉवरची मोटर सासूबाईंच्या शिवणकामाच्या दुकानात आणून आदळली. काचेमागचा पुतळा हळूहळू फिरवणारी जुनी मोटर सकाळीच जळाली होती. पुतळ्याच्या अंगावर होता लग्नाचा घेरदार गाऊन, सासूबाईंची दोन महिन्यांची मेहनत. पाच वाजता नवरी तो न्यायला येणार होती.

"आधी गाऊन उतरवा," सासूबाई म्हणाल्या.

"आई, दोन मिनिटांचं काम! तुम्ही नुसतं बघत राहा."

लग्नाला चार वर्षं झाली, तरी सासूबाई या गृहस्थाला साधा बल्बसुद्धा बदलू देत नसत. आज त्याला दाखवूनच द्यायचं होतं.

बायकोने खोक्यावरचा कागद वाचला. "अहो, मिनिटाला चौदाशे फेरे लिहिलंय. वेग कमी करायला ही गिअरची डबी मध्ये लावायची म्हणे."

"दातेरी चाकांत ताकद फुकट जाते. थेट जोडू!"

आणि त्याने बटण दाबलं.

अरे बापरे! पुतळा थरथरला आणि दिसेनासाच झाला. गाऊनचा घेर छत्रीसारखा उघडला. पुतळ्याचा हात निखळून सासूबाईंच्या कानाजवळून कापडाच्या ताग्यांत घुसला. पाठोपाठ मुंडकं उडालं, ते दारातल्या पोस्टमनच्या हातात.

"बंद करा!" सासूबाई किंचाळल्या.

"कसं करू? बटण घेराखाली आहे!" जावयाने हात घातला की घेर फाडकन थोबाडीत देई. शेवटी बायकोने वायरच उपटली.

पोस्टमनने मुंडकं हळूच टेबलावर ठेवलं, "सही कुणाची घेऊ?" असं पुटपुटला आणि सहीविनाच सटकला. सासूबाई चष्मा लावून गाऊनची एकेक शिवण तपासू लागल्या. एक टाका जरी उसवला असेल, तर जावयाला सासरी तोंड दाखवायची सोय उरणार नव्हती.

तेवढ्यात नवरी आणि तिची आई आत आल्या. बिनमुंडक्याचा पुतळा पाहून दोघी दचकल्याच. आईने मात्र लगेच स्वतःला सावरलं आणि गाऊन दोन बोटांत धरून नाक मुरडलं.

"दिसायला छान आहे हो. पण आमची पोरगी नाचणार. शिवण टिकेल ना?"

सासूबाईंनी चष्मा काढला. एकही टाका उसवला नव्हता.

"जरा मागे सरका," त्या शांतपणे म्हणाल्या. "जावईबापू, लावा वायर."