साहेबांना लागलेली हळद

"मॅडम, आता तुम्ही एक शब्दही बोलायचा नाही," सामंतसाहेबांनी बजावलं आणि दर्शनाला आपल्या खुर्चीशेजारी उभं केलं.

वैशाखरेच्या समाजमंदिरात बायकांच्या इंग्रजी वर्गाची परीक्षा होती. माळशेजच्या रस्त्यावर भजी आणि मक्याची कणसं विकणाऱ्या या बायकांना पर्यटकांशी चार शब्द बोलता यावेत, म्हणून कल्याणच्या एका संस्थेने हा वर्ग काढला होता. शिकवणारी दर्शना गावचीच सून. संस्थेकडून आलेल्या सामंतसाहेबांना वर्ग पसंत पडला तर तो पुढे चालणार, नाहीतर दर्शनाने पुन्हा पहाटेची एसटी धरून कल्याणच्या दुकानात दिवसभर साड्यांच्या घड्या घालायच्या. त्या घड्यांच्या नुसत्या आठवणीने तिची कंबर दुखायची.

बायका हुशार होत्या. त्यांचं अडलं ते सारख्या आवाजाच्या बुटक्या शब्दांपाशी. सन म्हणजे सूर्य आणि सन म्हणजे मुलगाही, हे ऐकून भागीने विचारलं होतं, "मंग इंग्रजांच्या आईनं हाक मारली तर येतो कोन?" दर्शनाने कपाळावर हात मारला होता.

तोड काढली ती ताराबाईने. ताराबाई गावची धवलारीण, म्हणजे लग्नविधीची गाणी, धवले, म्हणणारी. तिने धवला गायल्याशिवाय गावात कुणाला लग्नाची हळद लागत नसे. तिने ते सगळे शब्द धवल्यात गुंफले. ती एक ओळ सोडायची आणि बाकीच्या पुढची उचलायच्या. बघता बघता जोड्या तोंडपाठ झाल्या. गोम एवढीच, की आता एकटीला विचारलं तर कुणालाच काही येईना. धवला ही काही एकटीने म्हणायची गोष्ट नाही.

आणि साहेबांनी नेमकं एकटीलाच विचारलं. "भागीबाई, सन म्हणजे काय?"

भागीने ताराबाईकडे पाहिलं.

"तिकडे नका बघू."

भागी छताकडे बघू लागली.

"साहेब, ओळ सोडल्याबिगर ती उचलील कशी?" ताराबाई म्हणाली.

"बरं, सोडा ओळ," साहेब म्हणाले आणि तिथेच फसले.

धवला म्हणायचा म्हणजे आधी देवांना आवतण आलं. ताराबाईने डोळे मिटले आणि गावदेवीपासून सुरुवात केली. मग डोंगर आले, नदी आली, वाघोबा आला. साहेबांनी जांभई दाबली.

"यात सन कधी येणार?"

"येतोय साहेब. आधी देव येऊं द्या."

साहेबांचं स्वागत करून सरपंच गेले होते, पण माइक बंद करायला विसरले होते. कर्ण्यावरून धवला गावभर घुमला. "भादव्यात कोनाचा लगीन गो?" जनाबाईने परसातून विचारलं. कुणालाच सांगता येईना. पण धवला कानावर पडला की रिकाम्या हाताने जायचं नाही, ही रीत. कुणी तांदूळ घेतले, कुणी नारळ, जनाबाईने हळदीची वाटी उचलली.

दारात येऊन सगळ्यांनी पाहिलं. कडक इस्त्रीचा एक परका माणूस, कपाळाला गंध, गळ्यात स्वागताचा हार, आणि समोर बायका धवला म्हणताहेत. नवरा ओळखायला आणखी काय लागतं? जनाबाईने पुढे होऊन साहेबांच्या दोन्ही गालांना हळद फासली.

"अहो, हे काय! थांबवा ते गाणं!"

"नाय थांबवता येत," भागी घाबरून म्हणाली. "देव बोलावलेत ना! हळद पुरी झाल्याबिगर धवला मोडत नसतात."

ताराबाई तर आता रंगात आली होती.

"एक सन उगवला गो डोंगराच्या माथी,
दुसरा सन निजला गो आईच्या हाती..."

ही बातमी नाक्यावर पोचली तेव्हा दर्शनाचा नवरा प्रणित कल्याणची जीप भरत होता. बातमीही वाटेत फुगली होती. "समाजमंदिरात हळद चाललीय. नवरा कल्याणचा हाय, न् त्याच्या बाजूला तुजी दर्शना उभी हाय!" प्रणितने प्रवाशांसकट जीप वळवली.

"दर्शना, काय चाललंय हे?" तो दारातूनच ओरडला.

"परीक्षा," दर्शना रडवेल्या आवाजात म्हणाली.

प्रणितने पिवळ्या साहेबांकडे पाहिलं. "कसली परीक्षा?"

"अहो, माझं लग्न झालंय! दोन मुली आहेत मला!" साहेबांनी हार उतरवून हातात घेतला.

गाव ओशाळलं. "मंग आता हळद कोनावर पुरी करायची?" जनाबाईने वाटीकडे बघत विचारलं.

ताराबाईची नजर दारातल्या प्रणितवरून दर्शनावर गेली. या दोघांचं लग्न लॉकडाउनमध्ये मुरबाडच्या कचेरीत झालं होतं. तोंडाला मास्क आणि कागदावर सह्या. ना मांडव, ना हळद, ना धवला.

"यांची ऱ्हायलीय," ती म्हणाली.

"भादव्यात?"

"लगीन कवाच झालंय. हळदीला आता मुहूर्त कसला?"

दोघांना शेजारी शेजारी बसवलं. जीपमधले प्रवासी उतरून आत आले आणि कल्याण विसरून अक्षता टाकू लागले. साहेब निघायला उठले, तसं ताराबाईने त्यांना अडवलं.

"जेवून जा साहेब. मीट नाय, आज सोमवार. पन तुमी आमाला मीट झालात, बरा वाटला."

साहेब थबकले. "एक मीट मटणाचं, दुसरं भेटीचं! हे मॅडमनी शिकवून ठेवलं होतं?"

"नाय ओ. आपसूक आला तोंडात."

साहेब मोठ्याने हसले. "मॅडम, वर्ग चालू ठेवा," ते म्हणाले. "पुढच्या परीक्षेला मात्र मी जुना शर्ट घालून येईन."

दर्शनाचे डोळे भरून आले. सासरी येऊन इतकी वर्षं झाली, पण हे गाव आपलं आहे असं तिला आजच्याइतकं कधी वाटलं नव्हतं. भागीला, जनाबाईला, सगळ्यांना काहीतरी बोलावं म्हणून तिने ताराबाईचा हात धरला. "ताराकाकी, मी तुमचे..." पण आभार मराठीत मानावेत की इंग्रजीत, यातच ती अडकली.

"गप बस गो," ताराबाई तिच्या गालाला हळद चोळत म्हणाली. "तोंड उघडलंस तर हळद आत जाईल."