उलटा सदरा

मी आज जो कोणी आहे, तो आष्टीच्या रंगनाथमामा शिंप्यांमुळे. आमच्या घरात माझ्याआधी कोणी शाळेची पायरी चढले नव्हते. "पोराला औताला जुंपू नका, कॉलेजात घाला," असे सांगत सलग आठ दिवस माझ्या वडिलांच्या उंबऱ्यावर येऊन बसणारा माणूस हाच. एवढे उपकार असताना त्यांच्याविषयी लिहिताना हसू येऊ नये. पण मामा सदरा उलटा घालत, त्याला मी काय करू?

उलटा म्हणजे शिवणी बाहेर आणि खिसा आत. तंबाखूची पुडी काढायला त्यांना गळ्यातून हात घालावा लागे. कोणी विचारले तर म्हणत, "वरून सगळेच सदरे झाक दिसतात. शिंप्याची लबाडी आतल्या अंगाला असती. माझी बघून घे, बाहेरच टांगली."

हाच न्याय ते वर्तमानपत्राला लावत. परतूर स्टेशनवरून एक दिवस शिळे होऊन ते आष्टीत येई. मामा ते फळीवर कापडासारखे पसरत आणि कापडावर खुणा करायच्या निळ्या खडूने त्यातल्या जाहिरातींवर रेघा ओढत. लग्नाच्या कोटाचे गिऱ्हाईक समोर ताटकळत असे, आणि मामांचे चालूच.

"'हजारो लोक वापरतात.' हजारोंतल्या एकाचं नावगाव सांग ना मंग! 'नामांकित डॉक्टरांची शिफारस.' इतका नामांकित, अन् नावच न्हाई? 'आजच मागवा.' का बरं? उद्यापर्यंत औषधाचा जीव जातो का?"

पुढाऱ्यांनाही सुटका नव्हती. "घर जळून राह्यलं म्हणून हाच बोंबलतो, अन् बादल्या ह्याच्याच दुकानात!" रेडिओवर तर त्यांचा विश्वास अठ्ठेचाळीस सालीच, पोलीस ॲक्शनच्या वेळी, उडाला होता. "रेडिओ सांगून राह्यल्ता, काळजीचं बिलकुल कारण न्हाई. अन् माझ्या दुकानापुढून दुसऱ्या सरकारच्या लॉऱ्या चालल्या व्हत्या. मी मशीन थांबवलं, रेडिओ न्हाई थांबला."

हळूहळू गाव शिकले. सगळ्यांत पुढे होता तो समोरचा चहावाला सखाराम. सही म्हणजे अंगठा, पण डोके वकिलाचे. एकदा बाजारात केस वाढवायचे तेल विकणारा आला. सखारामने त्याला इतकेच विचारले, "फायदा कोणाचा? पाह्यलं कोणी? भ्या कशाचं दाखवून राह्यला?" आणि मग, "टोपी काढ बरं तुझी." तेलवाला दुपारच्या आत गाव सोडून गेला. मामा हसून हसून फळीवर आडवे झाले. "सख्या, तूच खरा बी. ए.!" मी तेव्हा औरंगाबादला बी. ए.च्या वर्गात होतो. मला चक्क हेवा वाटला.

परीक्षा देऊन मी गावी आलो, त्या उन्हाळ्यात गोदावरीकाठच्या गावांत पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची, साथ लागली. आष्टीच्या चावडीवर सरकारी इश्तिहार चिकटला. वर कवटी, खाली तांबडी अक्षरे. 'सावधान! आजच टोचून घ्या! हजारोंचे प्राण वाचले!'

कोणीतरी तो मोठ्याने वाचला आणि गावाने तो शिकवल्याप्रमाणे तपासला. "कवटी काढली, म्हणजे भ्या," सखाराम बोटांवर मोजू लागला. "'आजच', म्हणजे घाई. हजारो, अन् नावगाव एकाचंबी न्हाई." लोक हसत घरी गेले. सरकारी डॉक्टर शाळेच्या ओट्यावर सुया उकळून बसला, त्याच्याकडे माशी फिरकली नाही.

मामांनी तो इश्तिहार तीनदा वाचला. मग ते शाळेच्या ओट्यावर जाऊन टोचून घेऊन आले आणि बाजाराच्या दिवशी दुकान बंद करून दारोदार निघाले. मी बरोबर होतो.

"अरे, हे खरं हाये! लिहिणाऱ्याला लिहिता आलं न्हाई, पण आत खरं हाये!"

"तुमचा काय फायदा, मामा?" एका दारातून प्रश्न आला.

"कायबी न्हाई."

"फायदा न्हाई म्हणणारा जास्त लबाड. तुम्हीच सांगितलं."

शेवटी ते सखारामच्या हॉटेलात आले आणि बाही वर करून सुजलेला दंड त्याच्यापुढे धरला. "सख्या, हे बघ. मी घेतली सुई. मेलो का?"

सखारामने त्यांच्यापुढे चहा ठेवला. "'मी वापरलं, मला गुण आला.' फोटो छापायचा राह्यला फक्त. मामा, तुम्हीबी त्यांच्यात गेलात?"

सगळे हॉटेल हसले. मामाही हसायला गेले, पण त्यांना ते जमले नाही.

आठवडाभरात सखाराम गेला. सकाळी ओकाऱ्या सुरू झाल्या आणि दिवे लागायच्या आत घर रडत होते. तो पहिला. मग गाव ओट्याकडे धावले, तोवर आणखी काही घरांत उशीर झाला होता.

मी निघायच्या दिवशी मामांचा निरोप घ्यायला गेलो. माझ्या कोटाची एक गुंडी तुटली होती. "वरच्या फळीवर डबा हाये," ते म्हणाले. डबा काढताना रिळांच्या मागे औषधाच्या पाच रिकाम्या बाटल्या दिसल्या. धुऊन पुसून ठेवलेल्या. प्रत्येकीवर गुबगुबीत गालांच्या बाईचे चित्र.

"तुझ्या मामीच्या," मामा म्हणाले. "सहाव्या बाटलीला गुण येतो, असं छापलं व्हतं. तिला परतूरच्या दवाखान्यात न्यायला गाडी जुंपल्ती. मी बैल सोडले. म्हटलं, सहावी येऊ दे."

त्यांनी गुंडी लावली, दोरा दाताने तोडला. फळीवर वर्तमानपत्र नव्हते. बस सुटल्यावर माझ्या लक्षात आले की मामांनी सदरा सुलटा घातला होता, चारचौघांसारखा.

पुढे मला नोकरी लागली, तीही इश्तिहार लिहिण्याची. मामांना तीन पत्रे पाठवली, एकाचेही उत्तर नाही. चौथे हे:

तीर्थस्वरूप रंगनाथमामांस, साष्टांग नमस्कार.

नदीकाठी पुन्हा साथीचे भय आहे. पत्रक लिहायचे काम माझ्याकडे आले आहे. कवटी काढली नाही. 'आजच' लिहिले नाही, डॉक्टर कोणत्या वारी कोणत्या गावी बसेल ते लिहिले. दंड दुखतो, दोन दिवस कणकण राहते, आणि सुई घेऊनही एखाद्याला रोग होतो, हेही लिहिले. साहेब म्हणाले, "असं वाचून कोण येईल?" खरे सांगतो मामा, लोक येतील असे मलाही वाटत नाही.

'हजारो'च्या जागी एकच नाव घातले आहे, गावासकट. सखाराम, चहावाला, आष्टी. याने सुई घेतली नव्हती. त्याच्या बायकोला विचारूनच लिहिले. ती म्हणाली, "लिव्हा, पण चहा चांगला करायचा, हेबी लिव्हा." तेही लिहिले आहे.

कागद सोबत जोडला आहे. निळ्या खडूने रेघा ओढून लवकर परत पाठवा. तुम्ही उलटून पाहिल्याशिवाय तो छापायला द्यायचा धीर होत नाही.

तुम्ही शिवलेला सदरा अजून घालतो. काल उलटून पाहिला. आत एकही टाका सुटलेला नाही.

आपला,
गोविंद