एकाच आडनावाच्या गल्लीतील कवळीची मोहीम

घडले वर्तमान यथास्थित राहावे, आणि पुढील पिढ्यांनी ते ऐकोन हसू आवरावे, म्हणोन हे लेखन केले ऐसीजे.

गल्ली एक, तिचे नाव म्हणजे एक आडनाव; आणि त्याच आडनावाचे तीन थोर पुरुष तेथे नांदत. एक गायनाचार्य, दुसरे मल्लसम्राट, तिसरे सेवानिवृत्त हेडमास्तर. परस्परांत नाते काडीचे नाही. परंतु गल्ली आपल्याच नावे वसली, हा गर्व तिघांस समसमान.

ऐशात हेडमास्तरसाहेबांची कवळी भंगोन दंतवैद्याकडे दुरुस्तीस रवाना जाहली. संध्याकाळी कन्येचे होणारे सासूसासरे प्रथमच जेवावयास येणार. बोळक्या मुखे सामोरे जावे तरी इभ्रत जाते. दंतवैद्याने दुरुस्त कवळी खलित्यात घालोन कुरियरने परत धाडिली, परंतु वर केवळ आडनाव लिहिले, आणि खाली गल्ली लिहिली, तेही तेच. मग कुरियरवाला पहिले दारी, गायनाचार्यांचे हाती, खलिता देऊन निघोन गेला. आचार्यांनी उघडून पाहिले, आणि आपणांस कोणी म्हातारा म्हणोन हिणवितो ऐसे समजोन, "माझे बत्तीसच्या बत्तीस शाबूत आहेत!" ऐसे गर्जोन तो मल्लसम्राटांकडे पाठविला. मल्लसम्राटांनी मात्र, कोणा पराभूत प्रतिस्पर्ध्याने दात घशात गेल्याची कबुली धाडिली ऐसे मानोन, कवळी करंडकांमध्ये विराजमान केली.

गायनाचार्यांकडून खबर लागताच हेडमास्तरांची मंडळी पदर खोचून मल्लसम्राटांवर चालोन गेली.

"अरे, ह्यांची कवळी आहे ती. दे बघू मुकाट्यानं."

"कशावरून, काकू? आडनाव माझंही तेच आहे!"

तहाची बोलणी फिसकटली. मग खुद्द हेडमास्तर, जे कवळी गेल्यापासोन तोंडावरला रुमाल काढीत नव्हते, ते रुमाल झुगारून भर गल्लीत उभे ठाकले आणि मुख उघडून रिते रणांगण सकळांस दाखविते जाहले. नेमके त्याच समयी व्याही सपत्नीक मोटारीतून उतरले! मल्लसम्राटांची मान खाली गेली. त्यांनी कवळी आणोन दिली, काकूंनी नळाखाली विसळली, आणि ती 'टक्' ऐसा नाद करून तख्तनशीन जाहली.

व्याही चाचरत म्हणाले, "मास्तर, आम्ही भलत्या वेळी आलो का?"

"छे, छे! चावता येईल अशाच वेळी आलात. चला, पानं वाढलीत."

व्याही पोट धरून हसले, आणि हसत हसतच उंबरा ओलांडिते जाहले. सोयरीक कायम जाहली, इभ्रत शाबूत राहिली. मल्लसम्राटांचे कपाटात एक जागा रिती जाहली, ती हेडमास्तरांचे मुखी भरली. ऐसी ही फत्ते येथे नमूद केली असे.