मगरीचा धडा, आता पडद्यावर

बाळांनो, मांडी घालून बसा. चुळबुळ केली तरी चालेल, पण मध्येच प्रश्न विचारू नका. प्रश्न विचारल्यानं गोष्टीतल्या मोठ्या माणसांना त्रास होतो.

एका जंगलात एक शाळा होती, आणि आश्चर्य म्हणजे ती रोज भरायची. शिकवायला टिटवीबाई होत्या आणि शिकायला हरणांची पाडसं.

बाई बरंच काही शिकवत, पण खरा महत्त्वाचा धडा एकच. उन्हाळ्यात शाळेजवळचं तळं आटायचं आणि पाडसांना पाण्यासाठी नदीवर जावं लागायचं. नदीत मगर होती. पाण्यावर तरंगणारा ओंडका आणि पाण्यावर तरंगणारी मगर यांत फरक असतो, पण तो आधी कुणीतरी दाखवावा लागतो. म्हणून तळं आटण्याआधी बाई पाडसांना नदीकाठच्या टेकाडावर नेत. लांबूनच दाखवत. "तो ओंडका बघा. आता त्याचे डोळे बघा. दिसले?" एकदा ते डोळे पाहिलेलं पाडस पुन्हा फसत नसे.

त्या वर्षी सिंहमहाराजांनी दूरच्या जंगलातून एक पडदा आणला. त्याला नुसता स्पर्श केला की हवं ते चित्र दिसतं, असं आणून देणाऱ्यानं सांगितलं होतं. महाराजांनी लगेच हुकूम काढला. यापुढे मगरीचा धडा पडद्यावर. पाडसांना नदीवर नेणं बंद, कारण तिथे मगर असते. आणि सर्व शिक्षकांना प्रशिक्षण सक्तीचं. जंगलात शिक्षक एकच असल्यामुळे सर्व शिक्षक म्हणजे टिटवीबाई.

बाईंना आनंद झाला, खोटं कशाला सांगू. मगर वर्गातच दिसली तर लेकरांना उन्हातान्हात न्यायला नको, असं त्यांना मनापासून वाटलं.

प्रशिक्षण गुहेत होतं. तज्ज्ञ मार्गदर्शक होते सरडेसर. मागच्या वर्षी ते योगाचे तज्ज्ञ होते, त्याआधी मधमाशीपालनाचे. दीपप्रज्वलन झालं. स्वागत झालं. सरांनी स्वतःच स्वतःचा परिचय करून दिला आणि मग बाईंसोबत सामूहिक फोटो काढला.

पडदा खोक्यातच होता.

"हात लावायचा नाही बरं का, मॅडम," सर म्हणाले. "बिघडला तर जबाबदार कोण?"

सरावासाठी त्यांनी केळीच्या पानावर कोळशानं पडदा काढून दिला. बाई दिवसभर त्या पानावर चोच टेकवत बसल्या. पानाला भोकं पडली, चित्र काही दिसलं नाही.

"सर, यातून मगर कशी दाखवायची?"

"शंका शंकासमाधानाच्या सत्रात विचारा."

"ते कधी आहे?"

"सकाळीच झालं. तुम्ही नाश्ता करत होता तेव्हा."

"नाश्ता करून घ्या, असं तुम्हीच म्हणालात."

सरांनी मान हलवली. त्यांची मान तशीही हलतच असे.

मला त्या सरड्याचा असा राग येतो म्हणून सांगू. पण असो, गोष्ट पुढे न्यायला हवी.

बाई शाळेत परतल्या तोवर तळ्यात गुडघाभर चिखल उरला होता. त्यांनी घाईघाईनं पडदा लावला. पडद्यावर एक गोल आलं आणि फिरू लागलं. फिरतच राहिलं.

"बाई, हीच का मगर?" नाजुका नावाच्या पाडसानं विचारलं.

"नाही गं. चित्र यायचंय अजून. हे गोल फिरतंय तोवर जागचं हलायचं नाही. गप्प बसून थांबायचं."

पाडसं गुणी होती. शाळा सुटेपर्यंत थांबली. दुसऱ्या दिवशीही थांबली. शेवटी बाईंनी ठरवलं, हुकूम गेला खड्ड्यात, यांना टेकाडावर न्यायचंच. तेवढ्यात प्रशिक्षणाचा दुसरा टप्पा निघाला.

बाई गुहेत अडकल्या आणि इकडे तळं पुरतं आटलं. पाडसं आपली आपणच नदीवर गेली. त्यांना येताना पाहून मगर पाण्याखाली सरकली. वर एक भोवरा गरगरू लागला.

"थांबा," नाजुका म्हणाली. "गोल फिरतंय."

सगळी काठापासून लांब, गप्प बसून राहिली. मगर खाली घिरट्या घालत होती, भोवरा वर फिरत होता. अखेर ती कंटाळून खालच्या डोहाकडे निघून गेली. गोल थांबलं. पाडसं पाणी पिऊन घरी आली.

चहाच्या सुट्टीत नदीकडे आलेल्या सरडेसरांनी हे झाडावरून पाहिलं. ते धावतच महाराजांकडे गेले. प्रशिक्षण कमालीचं यशस्वी झालं होतं.

बाईंचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार ठरला. पण बाई शाल अंगावर घेईनात.

"महाराज, लेकरांना मगर अजून ठाऊकच नाही," त्या म्हणाल्या. "गोल फिरताना दिसलं म्हणून ती थांबली. दरवेळी पाण्यावर भोवरा उठेलच असं नाही. मला एकदाच त्यांना टेकाडावर नेऊ द्या. पाया पडते."

महाराज गंभीर झाले. "म्हणजे अजून गोलच फिरतंय? मला कुणी बोललं नाही ते. हा दोष आजच्या आज काढा."

दोष निघाला. आता पडद्याला स्पर्श करताच मगर हजर. हिरवीगार, हसरी, दोन पायांवर उभी आणि अंगात फ्रॉक. पाडसं आनंदानं उड्या मारू लागली.

"अशी नसते रे ती," बाई सांगत होत्या. पण पडद्यावरचं गाणं मोठं होतं आणि बाईंचा आवाज त्यात बुडाला.

"बाई, हिला मी कुठेही ओळखीन," नाजुका म्हणाली.

दुसऱ्या दिवशी बाई तिसऱ्या टप्प्यासाठी गुहेत होत्या. नाजुका सगळ्यांच्या पुढे नदीवर पोहोचली. तिनं नीट पाहिलं. फ्रॉक घातलेलं कुणीच दिसलं नाही. गोलही फिरत नव्हतं. काठाशी एक ओंडका तेवढा होता.

टिटवीबाई अजून नदीकाठी ओरडत फिरतात. ऐकणारे म्हणतात, अपशकुनी पक्षी आहे.

तात्पर्य: शाळेतलं यंत्र बिघडलं तर ताबडतोब दुरुस्त करावं, कारण ते एकच असतं. मुलं काय, दरवर्षी नवी दाखल होतात.