शकूची फाइल

लोणीच्या डेअरीत कॉम्प्युटर सुरू झाला की किसनतात्या आधी एक रिकामी फाइल जागेवर आली का ते बघतात. ती उघडत नाही, तिच्यात एक अक्षर नाही. पण ती दिसली की तात्या मान डोलावतात आणि मगच दुधाचा पहिला कॅन आत येतो.

तात्या डेअरीचे ऑपरेटर. माझं मंचरला कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान, त्यामुळे अडलं की बोलावणं मला. ही फाइल म्हणजे सॉकेट. दुधाच्या नोंदी सांभाळणारा डेटाबेस सर्व्हर आणि पावती काढणारं सॉफ्टवेअर, दोघं तिथं भेटतात. सर्व्हर सुरू झाला की फाइल येते, बंद केला की जाते. डेअरीचा कॉम्प्युटर चालतो लिनक्सवर; ते तिला एक ठरलेली जागा देतं आणि सगळं जग ती निमूट घेतं. तात्यांनी मात्र ‘शकू’ नावाचा फोल्डर काढून फाइल तिथं बसवलीय. त्यामुळे सॉफ्टवेअर नव्यानं टाकलं की ते बिचारं ठरलेल्या जागी शोधत बसतं आणि सर्व्हर शकूकडे. बाहेर कॅनवाल्यांची बोंबाबोंब. तात्या सावकाश नवा पत्ता टाइप करत म्हणतात, “दम धरा राव, आधी दोगांची गाठ घालू.”

नव्या चेअरमनना शकू ही म्हैस वाटली. किती लिटर देते, असं त्यांनी भर बैठकीत विचारलं.

“बायको व्हती माजी,” तात्या म्हणाले.

शकूकाकू याच खोलीत कित्येक वर्षं दूध मापायच्या. त्या गेल्या आणि तात्यांनी हा फोल्डर काढला. चेअरमन लई ओशाळले, पण ठराव झालेला होता: नवा कॉम्प्युटर, आणि त्यात विंडोज.

तो बसवायला मीच गेलो. विंडोजमध्ये ही फाइल नसते, हे तात्यांना कुणीतरी आधीच सांगितलं होतं. एरवी माझ्या प्रत्येक क्लिकमध्ये नाक खुपसणारा माणूस खुर्ची मला देऊन भिंतीशी जाऊन उभा राहिला. मला ते बघवेना.

“तात्या, फाइल नाही, पण इथं पाइप असतो. दोघं त्यातून बोलतात. आणि त्याला नाव देता येतं.”

ते जवळ आले. “कंचंबी?”

मी कीबोर्ड त्यांच्याकडे सरकवला. एका बोटानं त्यांनी नाव टाइप केलं, आधी सर्व्हरकडे, मग सॉफ्टवेअरकडे. चाचणीची पावती निघाली. तरी तात्या स्क्रीनवर काहीतरी शोधतच होते.

“आता दिसायची नाही ती,” मी म्हणालो.

“नसू दे. हाये न्हवं?”

“आहे, तात्या,” म्हणालो आणि उगीचच वायरी आवरू लागलो.