माशाचे डोळे आणि चष्मेवाल्याचं नाक

“डोळ्यांचं मला सांगू नकोस!” चष्मेवाल्यानं पिशवी खांद्याला अडकवत बायकोला बजावलं. “उभा जन्म लोकांच्या डोळ्यांत डोकावण्यात गेला. भलेभले मला फसवू शकले नाहीत, मासा काय फसवणार?”

“कल्लेही उघडून बघा. आणि ताई जेवायला येणार आहे, तेवढं ध्यानात ठेवा,” बायको म्हणाली.

तेवढं म्हणजे केवढं, ते दोघांनाच ठाऊक होतं. हिवाळ्यात बायकोला ताप आला. ताप गेला आणि जाताना तिची वासाची जाण घेऊन गेला. जी बाई नुसतं नाक पुढे करून बाजारातल्या विक्रेत्यांना घाम फोडायची, तिला आता दूध करपलं तरी पत्ता लागत नव्हता. हे तिनं नवऱ्याशिवाय कुणालाच सांगितलं नव्हतं. थोरल्या बहिणीला तर मुळीच नाही. ताई सगळ्याच बाबतीत सरस, फक्त या एका ठिकाणी धाकटीपुढे हात टेकायची. “मासा ओळखावा तर हिनंच!” असं चारचौघांत सांगायची, आणि ते ऐकताना बायकोचा चेहरा असा काही खुलायचा की चष्मेवाल्याला बघत राहावंसं वाटे. तो चेहरा आज उतरू नये, म्हणून तर त्यानं बाजाराचं काम हट्टानं अंगावर घेतलं होतं.

मासेवालीच्या ओट्याशी पोचताच त्यानं खिशातून तपासणीची छोटी बॅटरी काढली. पहिल्या माशाचा डोळा गढूळ निघाला. दुसऱ्याचा खोल गेलेला. तिसरा मात्र काय वर्णावा! फुगीर, काळाभोर, नुकत्याच पुसलेल्या भिंगासारखा. सवयीनं त्यानं माशाचा एक डोळा तळहातानं झाकला आणि दुसऱ्यात वाकून पाहिलं.

“अहो, त्याला खायचाय की चष्मा लावायचाय?” मासेवाली ओरडली.

रांगेत हशा पिकला. दुसरा कुणी असता तर मासा घेऊन गुपचूप निघाला असता. पण समोरच्याचं समाधान झाल्याशिवाय त्याला सोडायचं नाही, हा चष्मेवाल्याचा धंद्यातला बाणा! त्यानं मासा वर धरला.

“हसू नका. हे बुबुळ बघा. याला म्हणतात ताजेपणा!”

“काका, मग माझाही बघा ना,” एक बाई म्हणाली.

झालं! काकांना तेवढंच हवं होतं. ते एकेकाचा मासा तपासू लागले आणि प्रत्येक वेळी तुलनेला आपला मासा शेजारी धरू लागले. मासा या हातातून त्या हातात फिरला. कुणी कोळंबी पुढे केली, तर तिच्याही टिचभर डोळ्यांवर बॅटरी पडली. एका आजोबांनी शिंपल्या आणल्या. चष्मेवाल्यानं एक शिंपली उलटीसुलटी केली, डोळा काही सापडेना.

“मिटलेत,” तो गंभीरपणे म्हणाला. “मिटलेलं असणं चांगलं.”

योगायोगानं ते बरोबरही होतं, ताजी शिंपली घट्ट मिटलेलीच असते; त्यामुळे त्याचा भाव आणखी वधारला.

“पिशवीत बर्फ तरी घालून घ्या,” मासेवाली म्हणाली.

“छे! बर्फानं डोळ्यावर धुकं धरतं. नमुना स्वच्छ दिसायला हवा.”

ऊन छपरावरून उतरून ओट्यावर आलं. माणसं उत्तमोत्तम मासे घेऊन, काकांना धन्यवाद देऊन घरोघरी गेली. नमुना घेऊन काका शेवटी निघाले, तेव्हा त्यांच्यामागे दोन मांजरं आणि एक कुत्रा आपसातलं वैर विसरून चालत होती. चष्मेवाल्याला तोही मानच वाटला!

बाजारात सगळाच वास, त्यात एक वास कुठे कळतो? तो कळला घराच्या जिन्यात. शेजारणीनं दार उघडलं, नाकाला पदर लावला आणि दार बंद केलं.

स्वयंपाकघरात बायकोनं पिशवी उघडली. जुन्या सवयीनं नाक जवळ नेलं आणि क्षणभर तशीच थांबली. मग अंगठ्यानं मासा दाबला.

“छान दिसतोय,” ती म्हणाली. “घेऊ ना करायला?”

चष्मेवाल्यानं पिशवीकडे पाहिलं. हिला तर काहीच कळणार नव्हतं. उन्हाला दोष देता आला असता, मासेवालीला देता आला असता. पण ती ज्या विश्वासानं त्याच्याकडे बघत होती, ते बघून त्याला स्वतःचीच लाज वाटली.

“नको गं,” तो म्हणाला. “वास मारतोय. टाकून दे. ताजाच घेतला होता, मीच बाजारभर मिरवून नासवला.”

बायको ओट्याला टेकली.

“दाबला तिथे खळगा पडलाय, अजून वर आलेला नाही. मला कळलंच होतं,” ती म्हणाली. “तुम्ही सांगताय का, तेवढं बघत होते. अहो, दूध नासलं, गॅस सुटला, सगळं तुमच्या नाकावर सोडलंय मी. ते नाक मला खूश ठेवायला खोटं बोलायला लागलं तर मी जाऊ कुठे?”

तेवढ्यात दारातून ताईचा आवाज आला, “अगंबाई! हा कसला वास?”

बायकोनं पदराला हात पुसले आणि बाहेर गेली. “ताई, तू सांग कसला,” ती शांतपणे म्हणाली. “मला वास येईनासा झालाय.”

ताईनं तिला जवळ घेतलं. दुपारी तिघांनी उकडलेली अंडी खाल्ली आणि ताईनं तीसुद्धा नावाजली.

पुढच्या खेपेला चष्मेवाला निघाला, तशी बायकोनंही चपला घातल्या.

“मीही येते. अंगठा माझा, नाक तुमचं. तोंड घरी ठेवलंत तरी चालेल.”

ओट्याशी ती मासा दाबे, कल्ले उघडून त्याच्या नाकाखाली धरी. तो मान हलवे, उभी किंवा आडवी. इतक्यात मागून त्या शिंपल्यावाल्या आजोबांची हाक आली, “अहो, ओळखलंत का? माझ्या शिंपल्या बघा ना!”

काकांनी खिशातली बॅटरी चाचपली, तोंड उघडलं, बायकोकडे पाहिलं... आणि शिंपलीसारखं मिटून घेतलं.