विश्रांतीची थकबाकी

आमच्या छापखान्यात वर्षाचे शेवटचे दोन महिने कॅलेंडरांचा हंगाम असतो. या काळात कर्मचारी थकतात, असे माझ्या निदर्शनास आले. व्यवस्थापक या नात्याने मला ते खपवून घेणे शक्य नव्हते. थकलेला माणूस चुका करतो, आणि चुका करण्याचा अधिकार आमच्या संस्थेत फक्त वरच्या मजल्याला आहे.

तोवर खाली सगळा सावळागोंधळ होता. मशीनवर आधी काळे आकडे छापायचे, मग रोलर धुऊन लाल शाई चढवायची आणि रविवार छापायचे, ही आमची पद्धत. रोलर धुतले जात असताना फोरमनबाई बाकीच्यांना सरळ सांगत, "जा रे, पाठ टेका जरा." मंडळी कागदाच्या गठ्ठ्यांवर आडवी व्हायची. ज्याचे काम आधी आटोपे, तो शेजारच्याच्या मदतीला जायचा. संध्याकाळी सगळे वेळेवर घरी. कुणाची मंजुरी नाही की कशाची नोंद नाही. अहो, एवढी विश्रांती चालली होती आणि अहवालात तिची एक ओळ नाही!

सबब मी विश्रांती नियमित केली. गठ्ठ्यांवर आडवे होण्यास मनाई. त्याऐवजी प्रत्येकाने रोज वरच्या सभागृहात ठरलेला वेळ डोळे मिटून बसायचे. विश्रांती मनापासून घेतली जाते की नाही, हे पाहायला मी एक निरीक्षक नेमला. तो बिचारा दिवसभर इतरांच्या पापण्या तपासून थकला, म्हणून त्याच्या जोडीला दुसरा नेमावा लागला. दोघेही बाइंडिंगमधून उचलले, त्यामुळे बाइंडिंग अडले.

"साहेब, माणसं कमी आणि काम तुंबलंय," फोरमनबाई म्हणाल्या. "निम्मा दिवस जिने चढण्यात जातो. आता हा आराम पुरे करा की!"

"बाई, तुमची चिडचिड होतेय. थकव्याचं लक्षण आहे हे."

मी त्यांची विश्रांती दुप्पट केली.

पण काम तुंबले की विश्रांती बुडे. महिनाअखेर पाहतो तो काय, विश्रांतीचे उद्दिष्ट निम्म्यावरही पोचलेले नाही! या हलगर्जीपणाला काय म्हणावे? मी तातडीने आदेश काढला: विश्रांतीची थकबाकी येत्या रविवारी छापखान्यात हजर राहून फेडावी.

फोरमनबाई धावतच वर आल्या.

"साहेब, रविवारी माझ्या मुलीची पोहण्याची शर्यत आहे. पहिलीच. पाण्याला घाबरायची हो ती, मी काठावर उभी राहून शिकवलंय तिला. मी दिसले नाही तर ती उडीच मारायची नाही."

"मग तर तुम्हाला विश्रांतीची फारच गरज आहे."

"शर्यत झाली की घरी झोपते ना मी!"

"घरच्या झोपेवर सही कोण करणार?"

बाईंनी विषय बदलला. "आणि लाल शाईचं काय? सोमवारी माल जायचाय. रविवार अजून छापायचेत."

"मशीनच्या आवाजानं विश्रांतीचा भंग होईल," मी म्हणालो आणि मशीनची किल्ली खिशात टाकली.

रविवारी हजेरी पूर्ण होती. पडदे ओढलेले, सगळे रांगेत डोळे मिटून बसलेले. शर्यतीची वेळ झाली तसे फोरमनबाईंच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले. निरीक्षक गडबडला. मी त्याला शेरा सांगितला, 'ताण बाहेर पडत आहे. प्रगती समाधानकारक.'

सोमवारी सकाळी ट्रक आले आणि माल घेऊन गेले. कॅलेंडरात सहा वार काळेकुट्ट आणि रविवारच्या चौकटी कोऱ्या. आता फोन खणखणतील, माल परत येईल, माझी गच्छंती होईल. मी फोनला चिकटून बसलो. आठवडा गेला, महिना गेला, एक तक्रार नाही. उलट बड्या बड्या गिऱ्हाइकांनी कळवले, की यंदाचे कॅलेंडर फारच सुटसुटीत झाले आहे, पुढच्या वर्षीही हेच द्या. वरच्या मजल्याने मला बढती दिली.

दोष आढळला तो एकाच प्रतीत. फोरमनबाईंच्या टेबलामागे टांगलेल्या कॅलेंडरात प्रत्येक रविवार लाल खडूने, चौकटीबाहेर जाऊन जाऊन, रंगवलेला होता.

"हे काय, बाई? छापील मालात खाडाखोड?"

"मुलीनं रंगवलंय."

"वा! शर्यत जिंकली वाटतं?"

"काठावरच उभी होती ती," बाई म्हणाल्या. "बाकीच्या पोहून, अंग पुसून घरी गेल्या तरी. आता म्हणते, तुझ्या साहेबांना रविवार दिसत नाही ना आई, म्हणून मोठा करून दिलाय."

मी ती प्रत जप्त केली. अशा गोष्टी पसरायला वेळ लागत नाही.

तुम्ही माझ्यावर चिडला असाल. चिडा की! पण आमची कॅलेंडरे घरोघरी गेली आहेत, तुमच्याही भिंतीवर त्यातलेच एक आहे. वर्ष संपत आले, तरी 'आमचा रविवार कुठे गेला?' असे विचारणारा तुमचा फोन काही आला नाही. आता उठून बघायला निघाला असाल, तर घाई नको, सवडीने बघा. फक्त रविवार सोडून. त्या दिवशी तुम्ही कामात असता.